फेअर करून द्या

"ताई, एवढं फेअर करून द्या."

दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे वाक्य माझ्या टेबलावर येऊन पडतं. कराडात तहसील कचेरीच्या अंगाला माझं टायपिंगचं दुकान आहे. १९९४ साली एका जुन्या गोदरेज टाइपरायटरवर सुरू केलं. पाच वर्षांनी कॉम्प्युटर आला, मग झेरॉक्स, मग रंगीत प्रिंटर. यंत्रं बदलत गेली, वाक्य तेच राहिलं.

वकिलांचा कारकून येतो. हातात फुलस्केपचे सहा-सात कागद. निळ्या शाईत लिहिलेलं, लाल शाईत खोडलेलं, समासात बाण, बाणाच्या टोकाला उभ्या अक्षरांत घुसवलेल्या दोन ओळी. हा रफ. तो उलगडायचा, ओळीला ओळ लावायची, आणि हिरव्या लेजर पेपरवर स्वच्छ उतरवून द्यायचा, की झालं फेअर. शाळेत आपल्या सगळ्यांकडे एक रफ वही असायची आणि एक फेअर. रफ वहीच्या शेवटच्या पानावर फुल्या-गोळे चालायचे, फेअर वहीला खाकी कव्हर आणि नाव घातलेलं लेबल. इंग्रजी शब्द म्हणून तो आम्हाला कुणी शिकवला नव्हता. 'पेन'सारखा आपला आपणच आला होता.

टायपिंगच्या क्लासला आमचे सर होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की करून घेतली. मसुद्यात चूक दिसली तरी आपल्या मनानं दुरुस्त करायची नाही, विचारायचं. पक्षकारानं 'माझे आजोबांनी' लिहिलं असेल तर 'माझ्या आजोबांनी' करायच्या आधी वकिलांना दाखवायचं. "फेअर करायचं, फेरफार करायचा नाही," असं ते म्हणायचे. फेरफार म्हणजे काय ते सातबाऱ्याच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा मी त्यांच्या हाताखाली पास झाले. वेग नंतर आपोआप वाढला, पण हे एक वाक्य मात्र मी मुद्दाम जपलं. म्हणजे जपलंय असं समजत होते.

कारण हाच शब्द माझ्या टेबलावर दुसऱ्या दारानंही येतो.

तुळशीचं लग्न झालं की बायोडाटे सुरू होतात. वर 'श्री गणेशाय नमः', खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, उंची, रक्तगट, शिक्षण, मामाकुळ, पाहुणे, अपेक्षा. आणि मध्येच कुठेतरी, उंची आणि रक्तगटाच्या आसपास, एक ओळ रंगाची. पूर्वी तिथे 'वर्ण' असं लिहायचे. पण पत्रिकेतही वर्ण असतो, तो गुणमेलनातला. म्हणजे एकाच कागदावर 'वर्ण: क्षत्रिय' आणि 'वर्ण: गोरा' असं दोनदा येऊ लागलं आणि लोकांचा गोंधळ व्हायला लागला. वर्ण म्हणजे अक्षरसुद्धा, माझी सगळी मिळकत त्या वर्णांवर, त्यामुळे मला तो शब्द प्रिय आहे. पण तो मागे पडला, आणि त्याच्या जागी आलं 'कॉम्प्लेक्शन'. कॉम्प्लेक्शनच्या पुढे 'फेअर'.

हे मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. पण कधीतरी लक्षात आलं, की मराठी बायोडाट्यातही लोक ही एक ओळ इंग्रजीत मागतात. "रंग गोरा लिहू का?" असं विचारलं की आई जरा अवघडते. स्वतःच्या लेकीला आपण होऊन 'गोरी' म्हणणं तिला मिरवल्यासारखं वाटतं. "फेअर लिहा ना," म्हणते. फेअर म्हटलं की ते रक्तगटासारखं होतं, कुणी तपासून दिल्यासारखं. आणि मुलगी गोरी नसली की मग 'व्हीटिश'. हा शब्द तर खास आपल्या देशातल्या इंग्रजीचाच. 'सावळी' असं लिहायला सांगणारे इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'काळी' एकानंही सांगितलेलं नाही.

खरं तर मराठीला या बाबतीत शब्दांची वाण नाही. गोरापान, लख्ख गोरा, निमगोरा, केतकी, गव्हाळ, सावळा, काळासावळा. माझी आजी एवढं बारीक बघायची की 'सकाळची सावळी' आणि 'संध्याकाळची सावळी' असा फरक करायची. एकीचा रंग उन्हात खुलतो, दुसरीचा दिव्यात, असं तिचं म्हणणं. आणि ज्याच्या दर्शनाला ती दर आषाढीला चालत जायची तो सावळाच होता. पण लग्नाच्या बोलण्यात मात्र तिच्या तोंडूनही निघायचं, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." हा 'पण' मी फार ऐकलाय. मी स्वतः सावळी आहे आणि १९९१ साली मला बघायला आलेल्या माणसांसमोर माझ्या मावशीनं हेच वाक्य म्हटलं होतं, मोठ्या मायेनं. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. त्यातला 'सावळी' मला लागला नाही. 'पण' लागला. नाकीडोळी नीटस असायला मध्ये तो 'पण' कशाला हवा होता?

आता फोटोचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

रंगीत प्रिंटर आल्यावर मी पासपोर्ट फोटो आणि बायोडाट्याचे फोटो करू लागले. फोटोशॉपमध्ये 'कर्व्हज' म्हणून एक सोय आहे. चौकटीत तिरकी रेघ असते, तिच्या मधोमध माउसनं धरून ती जराशी वर उचलली की चेहरा उजळतो. केस काळेच राहतात, दात होते तसेच राहतात, मधला सगळा सावळेपणा तेवढा विरतो. चेहरा उजळला आणि मान तशीच राहिली तर डोळ्यांत येतं, म्हणून मान. मग हात, बांगड्यांच्या वरपर्यंत. चार मिनिटांचं काम. लोक येऊन म्हणायचे, "फोटो जरा फेअर करून द्या," आणि मी देत होते. वकिलाच्या कागदात एक काना बदलायच्या आधी विचारणारी मी, इथे विचारतही नव्हते. बऱ्याचदा तर कुणी सांगायच्या आधीच रेघ वर गेलेली असायची.

२००८ च्या सुमारास एक बाई परत आल्या. आधी फोटो नेऊन दोन महिने झाले होते. भांडायला आल्या नव्हत्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, फोटो जरा जास्तच झाला वो." पाहुणे बघायला आले होते. मुलगी चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईनं हातातला फोटो बघितला, मुलीकडे बघितलं, परत फोटो बघितला. कुणी काही बोललं नाही. चहा झाला, खण-नारळ झाला, माणसं गेली. मुलगी त्या रात्री जेवली नाही. "तिला वाटतंय तिनंच फसवलं त्यांना," बाई म्हणाल्या. "नवा करून द्या. आहे तसा."

तो आहे तसा फोटो मी करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पण त्यानं काही भरून निघत नाही. त्या पोरीच्या चेहऱ्यावर मी फेरफार केला होता, आणि जाब तिला द्यावा लागला.

त्यानंतर मी या शब्दाच्या मागे लागले. इंग्रजीचं माझं शिक्षण बेताचं, टायपिंगचं इंग्रजी ४० झालंय तेवढंच. पण शब्दकोश हा माझ्या धंद्याचा सोबती आहे. उघडून बघितलं तर 'फेअर'च्या खाली एवढी गर्दी, की मी त्या दिवशी गिऱ्हाईक थांबवून वाचत बसले. आजच्या शब्दकोशांत पहिला अर्थ रंगाचा नाहीच. पहिला अर्थ न्याय्य, रास्त, कुणाची बाजू न घेणारा. मग बऱ्यापैकी, ठीकठाक. मग निरभ्र हवा. खलाशांना हवा असलेला, जायच्या दिशेनं वाहणारा वारा. मग कुठे उजळ केस आणि उजळ कांती. 'फेअर' म्हणजे जत्रा हा वेगळाच शब्द, तो लॅटिनमधल्या सणाच्या दिवसांच्या नावावरून आला. एसटीचं भाडं म्हणजे 'फेअर' तोही वेगळा, त्याचं मूळ प्रवासाच्या क्रियापदात आणि त्याचं स्पेलिंगही निराळं.

आणि बाकी सगळ्यांच्या मुळाशी जो अर्थ होता तो वाचून मी थबकले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'फेअर' म्हणजे नुसतं देखणं, डोळ्यांना सुखावणारं. कुठल्याही रंगाचं. बागही, दिवसही, माणूसही. पुढे त्या थंड मुलखातल्या लोकांना उजळ रंगच देखणा वाटत गेला आणि तो रंगच त्या शब्दाच्या अंगाला चिकटला. म्हणजे 'गोरी म्हणून सुंदर' हे वाक्य त्या एका शब्दाच्या पोटात केव्हाचं जाऊन बसलंय, आणि ते आपण 'कॉम्प्लेक्शन'च्या पुढे दोन टिंबं देऊन टाइप करतो.

माझी भाची इंग्लंडात लीड्सला नर्स आहे. तिनं सांगितलेली गोष्ट मला फार उपयोगी पडली. लहान मुलांच्या वॉर्डात तिची पहिली पाळी होती. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, त्या कोपऱ्यातल्या फेअर मुलाला औषध द्यायचंय. भाची कोपऱ्यात गेली, तिथे तीन पोरं, तिन्ही दुधासारखी गोरी. आता यातला फेअर कोण? ती उभीच राहिली. मग कळलं की पिवळ्या केसांचा तो फेअर. बाकीच्या दोघांचे केस काळे-तपकिरी. तिकडे रोजच्या बोलण्यात माणसाला फेअर म्हटलं की पुष्कळदा डोकं केसांकडे जातं. आपण त्यांचा शब्द घेतला आणि केसांवरून खाली ओढून सगळ्या अंगाला फासला. तीच भाची आता फोनवर माझं म्हणणं पटलं की "फेअर इनफ, मावशी" म्हणते. म्हणजे 'ठीक, तुझंही बरोबर'. त्यात रंग औषधालाही नाही.

अजून एक अर्थ असा की 'फेअर' म्हणजे बेताचं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पुस्तकाची अवस्था 'फेअर' लिहिली असेल तर पानं सगळी आहेत, बाकी पुस्तक वापरून खिळखिळं झालंय, एवढंच समजायचं. 'गुड'च्याही खालची पायरी. देखण्यावरून घसरत शब्द इथवर आला. मला हे वाचून आपला 'बरा' आठवला. संतांच्या अभंगांत 'बरवा' म्हणजे सुंदर, मन भरून यावं असा. गोव्यात अजूनही 'देव बरें करूं' म्हणतात, तेव्हा त्यातलं 'बरें' पूर्ण चांगलं असतं, कल्याणाचं. आणि आमच्याकडे? "मुलगी कशी आहे?" "बरी आहे." एवढं म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. आजारातून उठलेला माणूस बरा, आणि दिसायला बेताची असलेली मुलगी बरी. इंग्रजांचा शब्द आणि आपला शब्द दोन वेगळ्या वाटांनी चालत येऊन एकाच उंबऱ्यावर बसलेत.

पण जिथे पैशाचा आणि पोटाचा प्रश्न येतो तिथे मराठीनं 'फेअर'ला किती नेमके शब्द दिलेत बघा. आमच्या भागात उसाशिवाय गोष्ट पुढे जात नाही. एफआरपी हा शब्द इथे शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यातलं 'एफ' म्हणजे हाच फेअर. २००९-१० च्या हंगामापासून जुन्या किमान दराच्या जागी एफआरपी आली, मराठीत 'रास्त आणि किफायतशीर दर'. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, क्विंटलमागे ३५५ रुपये. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असा नियम आहे, आणि ते मिळाले नाहीत की अर्ज टाइप करायला माणसं माझ्याकडे येतात. रेशनचं दुकान म्हणजे रास्त भाव दुकान. रस्त्यात जमीन गेली की २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मागायची ती वाजवी भरपाई. 'रास्त' फारसीतून आला, त्याचा अर्थ सरळ. 'वाजवी' अरबी 'वाजिब'वरून आला. दोन्ही बाहेरून आलेले, पण आता इतके आपले की शेतकरी त्यांच्यासाठी रस्ता अडवून बसतो. मसुद्यासाठी 'स्वच्छ प्रत' आहे. खेळात 'रडीचा डाव नको' आहे. सगळीकडे शब्द आहेत. फक्त मुलीच्या रंगापाशी आल्यावर आपण मराठी सोडतो आणि 'फेअर'च्या आड जाऊन उभे राहतो.

कंपन्यांनी त्याचा काय उपयोग केला ते सगळ्यांना माहीत आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमच्या नावातच तो शब्द होता. माझ्या कॉलेजच्या वर्षांत ती ट्यूब आमच्या खोलीतल्या आठही मुलींच्या ट्रंकेत होती, माझ्याही. २०२० साली त्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. त्याच वर्षी लग्न जमवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनं रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली, तीही परदेशातल्या आपल्याच मुलींनी ऑनलाइन अर्ज करून तक्रार केल्यावर. चांगलं झालं. पण माझ्या टेबलावरची ओळ त्यानं गेली नाही. फार तर 'फेअर'च्या जागी "ताई, ग्लोइंग असं काही लिहिता येईल का?" असं दोघी-तिघींनी विचारलं.

आणि मग गेल्या मोसमात एक गिरणीवाले आले.

पिठाची गिरणी, तीस वर्षांची. भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ, शर्टाच्या शिवणीत पीठ. बरोबर मुलगी, बी. एस्सी. अ‍ॅग्री झालेली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. कुणा मध्यस्थानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक नमुना पाठवला होता, 'असा करून आणा' म्हणून. ते तो माझ्यापुढे धरून एकेक ओळ वाचून घेत होते. त्या नमुन्यात होतं, कॉम्प्लेक्शन, व्हेरी फेअर.

"हे काय लिवलंय ताई?"

"रंग. म्हणजे खूप गोरी."

"आमची तशी न्हाई." अगदी सहज म्हणाले, पत्त्यातला पिनकोड चुकलाय हे सांगावं तसं.

"मग व्हीटिश लिहितात. गव्हाळ."

ते थांबले. मोबाइल खाली ठेवला. "कुठला गहू वो?"

मला आधी वाटलं थट्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. तीस वर्षं ज्याच्या हातातून गहू गेला, त्याला हा प्रश्न पडणारच होता. "लोकवन म्हणलं तर सोन्यागत पिवळा. शरबती आणि निराळा, चकचकीत. खपली तांबूस. आता नुसतं गव्हाळ म्हणलं तर म्होरच्याला काय कळायचं?" आणि टेबलावर उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासून त्यांनी दाखवलं, दाणा बघताना घासतात तशी. "आमची खपली. खपली लिवा."

मुलगी शेजारच्या स्टुलावर मोबाइल बघत बसली होती. तिनं मान वर केली. "आण्णा, खपली कुणी लिहितं का?"

"का? भाव काढून बघ खपलीचा. लोकवनच्या वर हाय. सणाला पुरणपोळीला, खिरीला खपलीच मागत्यात समदी. त्याचं टरफल सुटत न्हाई लवकर, सडायला वेळ लागतो, म्हणून कुणी दळायला घेत न्हाईत. मी घेतो." हे सगळं ते मला सांगत होते, पण बघत होते तिच्याकडे.

मुलगी हसली. मग मला म्हणाली, "काकू, रंगाची ओळ ठेवूच नका. फोटो आहे की."

त्यांनी जरा विचार केला. "ठेवू नका मग," म्हणाले. पण थोडे हिरमुसले. त्यांना 'खपली' लिहून हवं होतं. तो शब्द मी कुठल्याही बायोडाट्यात टाइप केला नव्हता, आणि खरं सांगते, मलाही तो टाइप करावासा वाटत होता. पण मसुदा मुलीचा होता. तिनं खोडलं ते मी घातलं नाही.

फोटो तिनं पेनड्राइव्हवर आणला होता. चुलतभावाच्या लग्नातला, जांभळी साडी, दुपारचं ऊन, कपाळावर थोडा घाम. स्क्रीनवर उघडला. सवयीनं विचारलं, आता मी प्रत्येकाला विचारते, "फोटो आहे तसाच ठेवू ना?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे? आणि कसा ठिवत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. "काही नाही, तसाच ठेवते," म्हटलं, आणि प्रिंट दिली. प्रिंटर घरघरला. कागद खालून वर सरकत आला, आधी साडीचे काठ, मग खांदा, मग चेहरा. त्यांनी तो ट्रेमधून उचलला, लांब धरला, चष्मा वर करून बघितला. "हां," म्हणाले. "हीच."

कागद खाली ठेवला तेव्हा कडेला, जांभळ्या साडीच्या काठावर, त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला होता. शाई अजून ओली होती, त्यात पीठ बसलं. ते गडबडून पुसायला लागले. मी म्हटलं, "राहू दे, पुसलं तर फराटे येतील, दुसरी काढते." वीस प्रती सांगितल्या होत्या, एकवीस निघाल्या. ते एकवीसचे पैसे मोजून देत होते. मी एक नोट परत केली. ठशाची ती एक मीच ठेवून घेते म्हटलं, वीसच द्यायच्या ठरल्या होत्या.